उमरोळीपर्यंत एक डाव

बेटेगावहून रिक्षानं बोईसर स्टेशन आणि तिथून पालघर, हा माझा रोजचा प्रवास. मध्ये एकच स्टेशन लागतं, उमरोळी. उमरोळीपर्यंत एक डाव, पालघरपर्यंत दुसरा, संध्याकाळी परतताना आणखी दोन. रात्री अंथरुणात किती, ते विचारू नका. चार वर्षांत तीन मिनिटांच्या घड्याळावर माझे 11,000 डाव झालेत आणि रेटिंग दोन वर्षं 1400 च्या आसपास बसून आहे. विरारच्या गर्दीत सीट मिळालेल्या माणसासारखं, उठायचं नावच घेत नाही.

तरी मी सगळ्यांना सांगायचो की मी बुद्धिबळ खेळतो. हे खोटं होतं. आणि तुमच्यातले पुष्कळ जण आज हेच खोटं बोलताय, म्हणून हा लेख.

आमची पद्धत बघा. पांढरी आली की लंडन. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग प्याद्यांचा त्रिकोण. समोरचा काय करतोय ते बघायला लागत नाही, म्हणून तर लंडन! हत्ती गेला, वजीर गेला, तरी डाव सोडायचा नाही. समोरच्याचे सात सेकंद उरलेत ना? मग देत राहा शह. त्याचा वेळ संपला की आपण जिंकलो, स्क्रीनशॉट ग्रुपवर. हरलो तर नेट गेलं होतं. हरलेला डाव पुन्हा उघडायचा नाही, थेट नवा. मग चिडून ओळीनं तीन हरायचे.

मागच्या दिवाळीत नऊ वर्षांचा भाचा पट मांडून बसला. मी सवयीनं भराभर सोंगट्या हलवल्या. तो हनुवटीला हात लावून बघत राहिला, मग म्हणाला, "मामा, हा उंट इथे का ठेवलास?"

"तिथेच ठेवतात."

"पण का?"

मला सांगता येईना. 11,000 डाव, आणि चौथ्या खेळीचं कारण माहीत नाही. तो विचार करत असताना माझा हात दोनदा खिशातल्या फोनकडे गेला, तेही त्यानं पाहिलं. डाव मीच जिंकलो. आनंद काही झाला नाही.

यावर ठरलेलं रडगाणं असतं: आपल्याकडे क्लब कुठे, कोच कुठे? ते अर्धं खरं आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांसारखा माणूस होता, नूतन बुद्धिबळ मंडळ होतं. तिथल्या मुलांना 'का' विचारणारं कोणीतरी समोर बसलेलं असायचं. भाग्यश्री ठिपसे त्याच सांगलीतून पुढे आल्या. बोईसरमध्ये मला असं कोणी भेटलं नाही. पण लीचेसवर हरलेला डाव इंजिनकडून तपासणं फुकट आहे, कोडी फुकट आहेत, अर्ध्या तासाचा डाव फुकट आहे, जाहिरातसुद्धा नाही. ज्या डेटापॅकवर मी शह देत बसलो, त्याच पॅकवर हे सगळं होतं. क्लब नाही ही तक्रार मी कधी उघडलीच नाहीत अशा बटणांशेजारी बसून करत होतो.

मित्र म्हणतो, अरे, नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 चा महिला विश्वचषक जलद डावांवरच जिंकला ना? जिंकला. बातुमीत हम्पीशी आधी दोन लांबलचक डाव बरोबरीत सोडवून, मग टायब्रेकमध्ये. ते डावही आमच्या तीन मिनिटांपेक्षा कितीतरी मोठे. तेव्हा एकोणीस वर्षांच्या असलेल्या त्या मुलीला जलद खेळता येतं, कारण त्याआधी ती वर्षानुवर्षं सावकाश खेळलीय. आम्ही घाई तेवढी उचलली.

अ‍ॅप डिलीट करा असं मी म्हणत नाही, मीही केलेलं नाही. पण स्वतःला खेळाडू म्हणवून घ्यायचं असेल तर आठवड्यातून एक डाव अर्ध्या तासाच्या घड्याळावर खेळा, आणि हरलात तर तो उघडून बघा. एवढंही होत नसेल तर सरळ सांगा की मी गाडीत टाइमपास करतो. त्यात लाज काही नाही.

माझे असे चौदा डाव झाले, नऊ हरलो. परवाच्या रविवारी अकराव्या खेळीला चार मिनिटं विचार केला आणि तरी घोडा फुकट दिला. भाच्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, "का दिलास?" या वेळी वीस मिनिटं बोललो.