चवीस शब्द हवा

चहा हे आपल्या मुलखातले पीक नव्हे. चऱ्होलीच्या रानात ज्वारी होते, ऊस होतो, भाजीपाला होतो. चहाचे झुडूप होत नाही. तेव्हा शेतकीच्या मासिकाने त्याच्या चवीची चर्चा का करावी, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, ज्याचा भाव आधी जिभेवर व मग शब्दांत ठरतो, असा चहा हा शेतमाल आहे. ही विद्या चहाच्या व्यापाराने दीड शतकाहून अधिक काळ जोपासली. आपण आपल्या तांदळाच्या व गुळाच्या बाबतीत ती जोपासली नाही, आणि त्याची किंमत आपणच मोजीत आहो.

चहाचा लिलाव कलकत्त्यास १८६१ साली सुरू झाला. तेव्हापासूनचा शिरस्ता असा की, माल पुकारण्यापूर्वी त्याचा नमुना पारखी चाखतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावयाचा, झाकण ठेवून ६ मिनिटे मुरू द्यावयाचा व मग पांढऱ्या वाटीत गाळावयाचा. पारखी प्रथम कोरडे पान पाहतो, नंतर भिजलेल्या पानाचा वास घेतो, आणि शेवटी चमचाभर अर्क फुरका मारून तोंडभर खेळवून थुंकून टाकतो. त्यानंतर तो लिहितो. जिभेस तरतरी आणणाऱ्या चहास त्याच्या भाषेत ‘ब्रिस्क’ म्हणतात, सपक चहास ‘फ्लॅट’. एवढ्याशा शब्दाने किलोमागे रुपयांचा फरक पडतो.

या विद्येसाठी परक्या भाषेचे ओझे घेण्याचे आपणांस कारण नाही. आपल्याकडे सहा रसांत तुरट हा स्वतंत्र रस मानलेला आहे, आणि चहाचा कस मुख्यतः तुरटपणावरच अवलंबून असतो. हिरड्याचा तुरटपणा निराळा, जांभळाचा निराळा, कच्च्या केळ्याचा निराळा, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. करपट, धुरकट, कुबट, खमंग, उग्र, मिळमिळीत, पाणचट हे शब्द आपल्या कारभारणींच्या तोंडी रोजचे आहेत. उणीव शब्दांची नाही. ते मालास लावण्याच्या सवयीची आहे.

आता सुटे चहा क्रमाने पाहू. आसामात १९३० साली पान चिरडून, फाडून, वळविणारे यंत्र निघाले. त्यातून येणारा तो दाणेदार चहा. त्याचा रंग झपाट्याने उतरतो, चव भरदार असते, आणि दूध घातले तरी ती दबत नाही. त्याच आसामचे जुन्या पद्धतीने वळलेले अखंड पान घ्यावे, तर मोड आणून भाजलेल्या नाचणीच्या सत्त्वासारखा गोडसर खमंगपणा जिभेवर राहतो. दार्जिलिंगचा वसंतातील पहिल्या खुडीचा चहा फिकट सोनेरी; त्यास कोवळ्या गवताचा व फुलांचा वास असतो, आणि दूध घातल्यास तो संपलाच म्हणून समजावे. तेथीलच मे-जूनच्या दुसऱ्या खुडीस पिकल्या द्राक्षाचा, मनुकेचा गंध येतो. कपाशीवर व आंब्यावर जे तुडतुडे आपले शत्रू, त्यांच्याच जातभाईंनी कोवळे पान शोषल्याने या गंधास जोर येतो, हे आपल्या वाचकांस नवलाचे वाटेल. निलगिरीचा थंडीतला चहा स्वच्छ, हलका व सुवासिक. राहिली भुकटी. ती लवकर उतरते व एका किलोत पुष्कळ कप निघतात, म्हणून उपाहारगृहांस तीच परवडते.

दूध, साखर, आले घालून उकळलेल्या चहाची निंदा करावी असा आमचा हेतू नाही. आळंदीहून पुण्याकडे निघालेल्या वारकऱ्यास चऱ्होली फाट्यावर भल्या सकाळी जो वाफाळता पेला मिळतो, त्याचे काम तो चोख बजावतो. परंतु ज्या जिभेने साखर व आले यांखेरीज काहीच चाखले नाही, तिला पान ओळखता येत नाही. ती केवळ ‘कडक’ मागते, आणि कडकपणा रंगावरून जोखते. मग रंग देऊन कडकपणा विकणारा भेटतोच. टिपकागद ओला करून त्यावर चिमूटभर भुकटी पसरावी. कागदावर लगेच तांबूस-पिवळे डाग उमटले, तर वरून रंग चढविला आहे असे समजावे.

हीच गोष्ट गुळात घडली आहे. गुळाचा भाव आपल्या बाजारांत बहुतांशी रंगावर होतो. पिवळाधमक गूळ वर, तांबूस गूळ खाली. म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस टाकून रंग उजळण्याची चाल पडली. ज्या तांबूस ढेपेत उसाचा खरा खमंगपणा होता ती मागे राहिली, कारण तिच्या चवीस सौद्यात शब्द नव्हता. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तम झाले. परंतु मानांकन ठिकाण सांगते. ढेपेची चव ढेपेगणिक सांगावी लागते.

तांदळाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ‘आंबेमोहर’ हे नाव म्हणजेच चवीचे वर्णन होय. भाताच्या वाफेत ज्याने आंब्याचा मोहर ओळखला, तो आपला पूर्वज कोणत्याही पारख्याहून कमी नव्हता. आपल्या गावावरून वाहणाऱ्या नदीचे नाव धारण करणारी ‘इंद्रायणी’ ही जात वरच्या अंगास वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून निघाली आणि १९८७ साली प्रसारित झाली. दोहोंची चव एक नाही, हे मावळात सर्वांस ठाऊक आहे. पण पोत्यावर ते कोठे लिहिलेले आढळते? आंबेमोहराच्या नावाखाली दुसरेच बारीक तांदूळ शहरात खपतात, कारण गिऱ्हाइकास फरक सांगणारा शब्द आपण दिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की, शब्दांनी पोट भरत नाही. आक्षेप अगदीच फोल नाही. २०२१ च्या डिसेंबरात गुवाहाटीच्या लिलावात आसामचा एक चहा किलोस ९९,९९९ रुपयांस गेला. पण तो माल एकच किलो होता, आणि त्यावरून कोणी हिशेब बांधू नये. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आज देशातील निम्म्याच्या आसपास चहा लहान बागाईतदार पिकवितात, आणि त्यांपैकी बहुतेक जण हिरवे पान खुडून कारखान्यास विकतात. चव तयार होते ती त्यानंतर, आणि पारखी बसतो तो त्याच्याही पुढे. म्हणून पिकविणाऱ्याच्या वाट्यास पारखीचा लाभ फारसा येत नाही. यावरून निघणारा बोध हा की, चवीचा शब्द ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. तो शब्द शेतकऱ्याच्याच हाती असला पाहिजे.

बड्या मळेवाल्यांनी हे ओळखले होते. १९०३ साली त्यांच्याच मागणीवरून चहावर उपकर बसला, आणि त्या पैशांतून देशोदेशी लोकांस चहा पिण्यास शिकविण्यात आले. चहा न पिणारा आपला प्रांत ज्या प्रचाराने चहाबाज झाला, त्याचा खर्च पिकविणाऱ्यांच्या धंद्यातून निघाला होता. आपणांस उपकराची गरज नाही. थोड्या नेटाची आहे.

१९९७ साली चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, आणि तेव्हापासून रान आकसत चालले आहे. ज्याच्याजवळ दोन-चार एकर उरली त्यास वजनाने श्रीमंत होणे शक्य नाही. गुणानेच काय ते मिळवावे लागेल. आणि नवी वस्ती, म्हणजे गिऱ्हाईक, बांधाला येऊन भिडले आहे.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या हिवाळ्यात सभासदांनी पाच प्रकारचा सुटा चहा थोडा थोडा आणावा. सारखे वजन, सारखे पाणी, सारखा वेळ ठेवून, वाट्यांवर केवळ आकडे घालून, दुधासाखरेविना चाखावा, आणि एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने आपले शब्द कागदावर लिहावेत. घरच्या स्त्रियांस या कामी अवश्य बसवावे. त्यांची जीभ आपल्यापेक्षा तयार असते. पाच जणांचे शब्द जुळू लागले की तीच रीत बिनमिठाच्या भातास लावावी, मग डोळे मिटून गुळास लावावी. जे शब्द टिकतील ते जात, गाव व कापणीचे वर्ष यांसह आपल्या पिशवीवर छापावेत. चहाने जीभ तयार करावी आणि ती आपल्या मालाच्या कामी आणावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.