करून पाहू या : शेपटीवरचा दिवा



दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या चौथीतला एक मुलगा मला म्हणाला, "बाई, मामानं रिमोटचं विमान दिलंय. मी त्याला खऱ्यासारखा दिवा लावलाय. बघायला याल?"

संध्याकाळी मैदानावर गेले. पठ्ठ्यानं किल्लीच्या जुडग्यातला छोटा टॉर्च शेपटीला चिकटपट्टीनं बांधला होता. विमान सुटलं, नाक वर करून हवेत उभंच राहिलं आणि धप्पकन शेपटीवर आपटलं. पंख मोडला. पोराचे डोळे भरून आले. "एवढासाच तर टॉर्च होता, बाई!"

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनाराच्या काट्यावर वजनं केली. फोमचं विमान ६० ग्रॅम, टॉर्च ८ ग्रॅम. मग एवढं बिघडलं कसं?

बागेतला सी-सॉ आठवा. विमानसुद्धा पंखाखालच्या एका जागी तोललेलं असतं. या विमानात तिथून शेपटी ३० सेंमी मागं होती, तर नाक १० सेंमी पुढं. शेपटीवर ८ × ३० = २४०. तोल साधायचा तर नाकावर २४ ग्रॅम हवेत, कारण २४ × १० = २४०. म्हणजे एका टॉर्चपायी एकूण ३२ ग्रॅमचं ओझं. विमानाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त!

मग आम्ही ठरवलं, दिव्याला वेगळा सेल नको. वीज विमानाच्या बॅटरीतूनच घ्यायची.

साहित्य : ३ मिमीचे तीन एलईडी (लाल, हिरवा, पांढरा), २२० ओहमचा एक आणि १२० ओहमचे दोन रेझिस्टर, वाइंडिंगची ०.२ मिमी जाडीची तार २ मीटर, पॉलिश पेपर, चिकटपट्टी.

कृती : तारेवर वार्निश असतं. टोकं पॉलिश पेपरनं घासून तांबं उघडं करा. एलईडीचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. उलटा जोडला तर पेटणार नाही. प्रत्येक एलईडीच्या धन बाजूला त्याचा स्वतःचा रेझिस्टर जोडा. लाल दिवा डाव्या पंखाच्या टोकाला, हिरवा उजव्या, पांढरा शेपटीला. खऱ्या विमानातही असेच असतात.

रेझिस्टर कशाला? या विमानाची एका सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देते. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. उरलेले २.२ व्होल्ट रेझिस्टरनं झेलायचे. आपल्याला प्रवाह हवा १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर. २.२ ÷ ०.०१ = २२० ओहम. पांढऱ्या आणि चकचकीत हिरव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून १.२ ÷ ०.०१ = १२० ओहम. तिघांना मिळून एकच रेझिस्टर लावू नका हं! लाल कमी व्होल्टवर पेटतो, तो सगळा प्रवाह ओढून घेईल आणि बाकीचे दोघं बघत बसतील.

आता एक गंमत. रेझिस्टर एलईडीला चिकटूनच हवा असं नाही. तो पुढं, बॅटरीजवळ लावा. शेपटीवरचं वजन वाचतं. शिवाय मागं दोन तारा चुकून एकमेकींना लागल्याच, तरी रेझिस्टर प्रवाहाला आवर घालतो.

सावधान! लिथियम बॅटरीच्या दोन तारा थेट एकमेकींना टेकल्या तर ती तापते, पेटही घेऊ शकते. म्हणून आधी बॅटरी काढून दूर ठेवा. सोल्डरिंग आई-बाबांनी किंवा ताई-दादानंच करायचं. पालकहो, तेवढा अर्धा तास मुलांसोबत बसाच.

आमच्या तिन्ही दिव्यांचं वजन तारांसकट २ ग्रॅमच्याही आत भरलं. पंख चिकटवला, बॅटरी चिमूटभर पुढं सरकवून तोल साधला. दिवस मावळायच्या बेताला विमान पुन्हा सुटलं. या वेळी नाक सरळ होतं. शेपटीवरचा पांढरा ठिपका मैदानाला चक्कर मारून आला, तेव्हा पोरगं नुसतं बघतच राहिलं. मग हळूच म्हणालं, "बाई, आता टॉर्च आईला परत देतो."

विचार करा : याच बॅटरीवर दोन पांढरे एलईडी एकापुढं एक जोडले, तर पेटतील का? उत्तर कारणासह वहीत लिहा आणि आपल्या बाईंना दाखवा.