रास्त भाव कोणासाठी?

मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालेला प्रवासी येथे मिसळ-चहासाठी थांबतो आणि दरफलक पाहून कपाळाला आठ्या घालतो. ‘सरकार १० रुपयांत थाळी देते, मग तुम्हीच एवढे का घेता?’ हा सवाल आम्हाला अन्यायाचा वाटतो.

१९९५ साली झुणका-भाकर १ रुपयात मिळू लागली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी १० रुपयांत सुरू झाली. परंतु ग्रामीण भागातील त्या थाळीची किंमत शासनानेच ३५ रुपये धरली होती. वरचे २५ रुपये अनुदानाचे. म्हणजे १० रुपये हा भाव नव्हे, तो भुकेल्याला दिलेला आधार आहे, आणि तो योग्यच आहे. खाणावळवाल्याला मात्र ते २५ रुपये कोणी देत नाही. आपण घासाघीस करतो, तेव्हा ते भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या आणि भांडी घासणाऱ्या गड्याच्या मजुरीतून वजा होतात.

मालकांनाही आमचे सांगणे आहे : दर वाढवाल, तर त्यातला वाटा मजुरीतही दिसू द्या. खाणाऱ्याला पेलवतो आणि रांधणाऱ्याचीही चूल पेटती ठेवतो, तोच रास्त भाव.