‘सेक्स’ला ‘जेंडर’ म्हणू नका

अर्जांवरचा ‘सेक्स’ हा रकाना गेल्या काही वर्षांत गुपचूप ‘जेंडर’ झाला. आधारच्या नोंदणीत जेंडर, रेल्वेच्या आरक्षणात जेंडर. पासपोर्टावर मात्र अजून ‘लिंग / सेक्स’ असेच छापतात, आणि तेवढ्यापुरता मी त्या खात्याचा आभारी आहे. हा बदल कोणा विचारवंताने घडवला असता तर मी गप्प बसलो असतो. तो घडवला लाजेने. आपल्याकडे या इंग्रजी शब्दाला एकच अर्थ उरला आहे, दार लावून करायच्या गोष्टीचा. त्या रकान्यावरून कारकुनी विनोद झाले आणि विनोद नकोत म्हणून सोवळा शब्द आणला.

‘जेंडर’शी माझे वैर नाही. मुळात तो व्याकरणातला शब्द. 1955 साली जॉन मनी यांनी तो माणसांना लावला, आणि अ‍ॅन ओकली यांच्या 1972 च्या पुस्तकाने सेक्स म्हणजे देह आणि जेंडर म्हणजे समाजाने त्या देहावर चढवलेला साज, हा फरक स्त्रीवाद्यांच्या हाती दिला. मराठीने त्यासाठी ‘लिंगभाव’ हा चांगला शब्द घडवला. शब्द नव्हता तेव्हाही विचार होताच. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती याच जागेवर उभे राहून. दोन शब्द हवे होते ते एवढ्यासाठी की एकाने दुसऱ्याला जाब विचारता यावा. बाईच्या देहातून बाईचे दुय्यमपण आपोआप निघत नाही, हे सांगायचे तर देहाला वेगळे नाव लागते. ते नावच पुसले तर उरलेला शब्द कुणाला जाब विचारणार?

हा शब्दच्छल आहे असे कुणाला वाटेल. त्यांनी कोणत्याही सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीकडे पाहावे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, देशाचा 1994 मध्ये आला. त्याखालच्या नियमांनुसार तिथे इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत फलक लावावा लागतो, की गर्भाचे ‘सेक्स’ सांगणे कायद्याने निषिद्ध आहे. मराठी फलकावर ‘गर्भलिंग’ असते. बरोबरच आहे. पोटातल्या जिवाला अजून ना बांगड्या, ना हुंडा, ना परक्याचे धन ही पदवी. यंत्राला दिसते ते फक्त देहाचे चिन्ह.

चिन्ह हाच ‘लिंग’ या शब्दाचा जुना अर्थ. न्यायशास्त्रात ज्यावरून अनुमान करायचे ते लिंग: धूर दिसला, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. पडद्यावर चिन्ह दिसते आणि तेवढ्यावरून घरातली मोठी माणसे थेट हुंड्यापर्यंत, वंशाच्या दिव्यापर्यंत अनुमान करत जातात. ते अनुमान म्हणजे लिंगभाव. धूर निसर्गाचा, आग आपली. 1991 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 945 मुली होत्या, 2001 मध्ये 927. त्या मुली जेंडरपायी गेल्या, पण त्यांना वेचून काढले ते सेक्सवरून. ‘जेंडर टेस्ट’ असे लिहिणारा बातमीदार गुन्ह्याचे हत्यार आणि गुन्ह्याचे कारण एकाच पिशवीत भरतो. अमेरिकेत आपली मराठी मंडळीही हल्ली ‘जेंडर रिव्हील’ करतात. केक कापायचा, आतून गुलाबी की निळा ते पाहायचे, आणि टाळ्या. तिथे तो कायदेशीर आहे. पण जन्माआधीच रंग वाटून देणाऱ्या त्या समारंभाचे नाव मात्र अजाणता अचूक पडले आहे.

शब्दांच्या या सरमिसळीची किंमत इतरांनीही मोजली. 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपले जेंडर ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदा आहे. पाच वर्षांनी संसदेने तृतीयपंथीयांसाठी जो कायदा केला त्याच्या सातव्या कलमात शब्द आले ते ‘जेंडर बदलण्यासाठी’ शस्त्रक्रिया केलेल्या व्यक्तीबद्दलचे, आणि सोबत वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मागितला. सुरी चालते ती देहावर. जेंडर कुठल्या टेबलावर कापतात? न्यायालयाने दारातून घालवलेली अट शब्दाच्या खिडकीतून आत आली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: देहातही सगळे दोनच कप्प्यांत बसत नाहीत, मग ‘सेक्स’चा एवढा भरवसा कशाला? अगदी मान्य. पण आंतरलिंगी बालकांसाठीच तर हा शब्द सर्वात निकडीचा. मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तान्ह्या बाळांवरच्या अशा ‘दुरुस्ती’ शस्त्रक्रिया थांबवायला सांगितले. तिथे देह निरोगी होता, पण समाजाच्या रकान्यात बसत नव्हता, म्हणून देह कापला जात होता. हे वाक्य एका शब्दात लिहून दाखवा. मला जमत नाही.

मराठीचे घरही काही स्वच्छ नाही. आपण ‘लैंगिक शिक्षण’ म्हणतो, ‘लैंगिक छळ’ म्हणतो आणि त्याच दमात ‘लैंगिक समानता’. एकाच विशेषणावर तीन ओझी. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले ते या संकोचाशी लढतच, आणि आपण मात्र तो संकोच इंग्रजीत नेऊन ठेवला.

मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करतो. अलीकडे एका कथेतली सासू डॉक्टरला गर्भाचे लिंग विचारते, तिथे मी ‘सेक्स’ लिहिले होते. संपादकांनी ‘जेंडर’ केले. समासात कारण दिले, आजच्या वाचकाला हे अधिक संवेदनशील वाटेल. त्या सासूला संवेदनशीलतेशी कर्तव्य नव्हते, तिला मुलगा हवा होता. प्रुफावर मी माझा शब्द परत घातला आहे.