भंगलेली मूर्ती आणि आपण

अंगणात मोगऱ्याच्या आळ्याजवळ ठेवलेली सिमेंटची बुद्धमूर्ती वळवाच्या वाऱ्यात कलंडते, हात मनगटातून निखळतो आणि शेजारीण सांगते, "भंगलेली घरात ठेवू नये बाई, गोदावरीत सोडून या." भगिनींनो, आम्ही विचारतो, का सोडायची? वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत कितीतरी मूर्तींचे हात-नाक तुटलेले आहेत. तिथे आपण वंदना घेतोच ना! शिवाय घामाच्या पैशातून आणलेली ती मूर्ती.

जोडायची तर मात्र नीट. पांढरा फेविकॉल लाकडाचा, पावसात सुटतो. फेविक्विक झटपट चिकटते, पण कडा तंतोतंत जुळल्या नाहीत तर टिकत नाही. सिमेंटला अ‍ॅरल्डाइट बरे. दोन्ही तोंडे घासून, धुऊन, दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवावीत. ओल राहिली की सांधा धरत नाही. दोन्ही नळ्यांतला माल समसमान घेऊन एकजीव करावा. परभणीच्या मे महिन्यात तो लवकर आळतो, म्हणून सकाळच्या गारव्यात, थोडाच कालवावा. पातळ थर द्यावा, सुतळीने आवळावे आणि २४ तास हात लावू नये. हात जड असेल तर आत पितळी तारेचा तुकडा बसवावा.

वरून चकाकीचे वार्निश नको. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास आणलेल्या इटालियन जाणकारांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचे वार्निश दिले. ते पुढे पिवळे पडले आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावे लागले. सांध्याची रेघ खुपत असेल तर माल ओला असतानाच तिच्यावर चिमूटभर कोरडे सिमेंट भुरभुरावे.