पदवी, श्रम आणि प्रतिष्ठा

मे महिना हा अमेरिकेतील महाविद्यालयांच्या पदवीदान समारंभांचा महिना होय. काळे झगे, चौकोनी टोप्या, सन्माननीय पाहुण्यांचा उपदेश आणि गर्दीत आपल्या मुलाचा चेहरा शोधणारे आईबाप, हे दृश्य त्या देशात बहुतेक ठिकाणी सारखेच असते. त्यामागचे वास्तव मात्र सारखे नसते. अमेरिकेतील शैक्षणिक कर्जाचा एकूण बोजा आज दीड लाख कोटी डॉलरपेक्षा अधिक आहे. म्हणजे व्यासपीठावरून पदवी घेऊन उतरणाऱ्या लाखो तरुणांच्या दुसऱ्या हातात कर्जफेडीचे वेळापत्रक असते. अशा काळात केंटकी राज्यातील बेरिया या लहानशा गावातील, त्याच नावाच्या महाविद्यालयाचा समारंभ वेगळा ठरतो. तेथे सुमारे दीड हजार विद्यार्थी वाङ्मय, तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान अशा उदार विद्यांचे शिक्षण घेतात. आणि १८९२ पासून त्यांपैकी एकाकडूनही शिकवणीचे शुल्क घेतले गेलेले नाही.

या विद्यार्थ्यांत अ‍ॅपलॅशियन डोंगराळ मुलखातील कष्टकऱ्यांची मुले आहेत, शहरांतील कृष्णवर्णीय कुटुंबांतील आहेत, आणि दूरदूरच्या अनेक देशांतून आलेलीही आहेत. बुद्धिमत्ता ही प्रवेशाची एक अट. पण कुटुंबाची ऐपत बेताची असणे ही तितकीच महत्त्वाची दुसरी अट. त्याखेरीज आणखी एक नियम आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास काम केलेच पाहिजे. कोणी मागावर बसतो, कोणी झाडू बांधतो, कोणी सुतारकाम करतो, कोणी शेतावर तर कोणी ग्रंथालयात असतो. १९०९ साली सुरू झालेल्या 'बून टॅव्हर्न' या महाविद्यालयाच्या हॉटेलातही विद्यार्थी राबतात. या कामाचा मोबदला मिळतो आणि त्याचे मूल्यमापनही होते. महत्त्वाची गोष्ट ही की, या नियमाला अपवाद नाही. पदवीदानाच्या दिवशी शेजारी बसलेल्या दोघांचे विषय वेगळे असतील, वर्ण वेगळे असतील, मायभाषाही वेगळ्या असतील. पण दोघांनीही हाताने काम केलेले असते. त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे पाहून नाक मुरडावे, अशी सोयच तेथे उरत नाही.

ही व्यवस्था सहज उभी राहिलेली नाही. १८५५ साली जॉन जी. फी या धर्मोपदेशकाने बेरियात एका खोलीची शाळा काढली. ज्याच्या संस्थेत फी नाही त्याचे आडनावच फी असावे, हा योगायोग मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. फी स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मला होता आणि गुलामगिरीला विरोध केल्यामुळे बापाच्या घराला मुकला होता. सर्व मानव एकाच रक्ताचे आहेत या आशयाचे बायबलमधील वचन त्याच्या संस्थेने आपले ब्रीद मानले. १८५९ साली जॉन ब्राऊनच्या बंडामुळे दक्षिणेतील गुलाममालक बिथरले, आणि परिसरातील सशस्त्र लोकांनी फीच्या सहकाऱ्यांना गाव सोडायला लावले. यादवी युद्ध संपल्यावर ही मंडळी परतली. १८६६ साली शाळेत १८७ विद्यार्थी होते. त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. काल-परवापर्यंत ज्या राज्यात माणसांची खरेदी-विक्री चालत होती, तेथे त्यांची मुले मालकवर्गाच्या मुलांशेजारी एकाच बाकावर बसू लागली.

हे सुमारे चार दशके चालले आणि एका कायद्याने मोडले. १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळाने 'डे कायदा' संमत करून कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणे हा गुन्हा ठरविला. राज्यात असे एकत्र शिकविणारे महाविद्यालय बेरिया हेच असल्यामुळे या कायद्याचा रोख कोणावर आहे हे उघडच होते. बेरियाला एक हजार डॉलर दंड झाला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ साली बहुमताने निर्णय झाला तो संस्थेच्या विरोधात. महाविद्यालय हे राज्याने सनद दिलेले मंडळ असल्याने त्यावर निर्बंध घालण्याचा राज्याला अधिकार आहे, अशी तांत्रिक वाट न्यायालयाने धरली आणि मूळ प्रश्नाला बगल दिली. ज्या न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदविले त्यांत जॉन मार्शल हार्लन हे होते. ते स्वतः केंटकीचे, आणि गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबातले. १८९६ साली रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद न्यायालयाने मान्य केला तेव्हाही विरोधी मत त्यांनीच दिले होते.

बेरियाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना इतर संस्थांत जाण्यासाठी साह्य केले आणि त्यांच्यासाठी 'लिंकन इन्स्टिट्यूट' ही स्वतंत्र शाळा काढण्याकरिता निधी उभारला. ती १९१२ साली सुरू झाली. तथापि या इतिहासात संस्थेची बाजू सर्वस्वी निष्कलंक आहे असे म्हणता येत नाही. कायदा येण्यापूर्वीच अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांच्या कारकीर्दीत संस्थेचे लक्ष डोंगराळ मुलखातील गोऱ्या गरिबांकडे अधिक वळले होते, आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटत चालले होते. समतेचे ब्रीद दारावर कोरलेले असले, तरी आतल्या माणसांची संख्या मुकाट्याने बदलू शकते. बाहेरून आलेला घाला दिसतो. आतून होणारी झीज चटकन ध्यानात येत नाही.

दार बंद होण्याच्या आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये, कार्टर वुडसन यांनी बेरियाची पदवी घेतली होती. गुलामीतून मुक्त झालेल्या आईबापांचा हा मुलगा कोळशाच्या खाणीत काम करून शिकला. १९१२ साली त्याने हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली, आणि १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिना त्या इतिहासाला वाहिलेला असतो, त्याचे मूळ या सप्ताहात आहे. वुडसन यांना दोनच वर्षे उशीर झाला असता, तर बेरियाचे दार त्यांना बंद दिसले असते. १९५० साली डे कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेरियाने कृष्णवर्णीयांना पुन्हा प्रवेश दिला. मधल्या ४६ वर्षांत असे किती वुडसन दाराबाहेर राहिले असतील, याची मोजदाद कोणत्याही पदवीदान समारंभात होत नसते.

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १८७३ साली बेरियाने आपल्या पहिल्या पदव्या दिल्या. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी अर्पण केले होते गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. जॉन फी हा त्याच सज्जनांपैकी एक. पुण्यातील शूद्रातिशूद्रांच्या शाळा आणि केंटकीतील एका खोलीची शाळा यांच्यात समुद्र होते; पण विद्येची मक्तेदारी मोडल्याखेरीज माणूस मुक्त होत नाही, ही जाण दोन्हीकडे एकच होती.

हातांना काम देऊन विद्या देण्याची वाटही महाराष्ट्राने स्वतःच शोधली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. या मुलांना दोन वेळचे अन्न मिळावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, ही हकीकत साताऱ्यात आजही सांगितली जाते. स्वावलंबनातून शिक्षण हे रयतेचे ब्रीद. 'कमवा आणि शिका' हा मंत्र घेऊन १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. भाऊरावांच्या वसतिगृहात कुदळ सर्वांच्याच हाती होती. म्हणून ती कोणाच्याही गरिबीची खूण ठरली नाही.

आज त्या मंत्राचे काय झाले आहे? 'कमवा व शिका' ही योजना राज्यातील अनेक विद्यापीठांत चालू आहे, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना तिच्यामुळे शिक्षण पुरे करता आले आहे. तिचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती मुख्यतः गरजू मुलांपुरती राहिली आहे. वर्गमित्र उपाहारगृहात गप्पा मारीत असताना बागेला पाणी घालणारा किंवा कार्यालयात कागद लावणारा मुलगा सर्वांच्या नजरेत 'योजनेतला' ठरतो. ज्या श्रमाने प्रतिष्ठा मिळायची, त्याच श्रमाने त्याच्यावर शिक्का बसतो. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचा विस्तार झाला आणि पैसा भरून शिकणारा व सवलतीवर शिकणारा अशी दोन माणसे एकाच वर्गात बसू लागली. २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण शुल्कमाफीने दार उघडते. आत गेल्यावर बरोबरीची वागणूक मिळेलच याची हमी ती देत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. बेरियाची गंगाजळी आज एक अब्ज डॉलरहून मोठी आहे. आमच्या कफल्लक महाविद्यालयांनी तिची बरोबरी कशी करावी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु त्यात घटनांचा क्रम उलटा लावलेला आहे. १८९२ साली शुल्क न घेण्याचे ठरले तेव्हा ही अब्जावधींची ठेव नव्हती. आधी नियम आला. त्या नियमावर विश्वास ठेवून लोकांनी देणग्या दिल्या, मृत्युपत्रांत रकमा लिहिल्या, आणि संस्थेने त्या खर्चून न टाकता साठविल्या. शिवाय सर्वांनी काम करावे या नियमाला गंगाजळी लागतच नाही. त्याला लागतो तो निश्चय. १९०६ साली बांधून झालेले बेरियाचे प्रार्थनामंदिर विद्यार्थ्यांच्याच श्रमांतून उभे राहिले. रयतेच्या कितीतरी शाळांच्या भिंतींबाबत महाराष्ट्रालाही हेच सांगता येईल.

संधी आज समोर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत कार्यानुभवाला आणि समाजोपयोगी उपक्रमांना श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. हे श्रेयांक प्रमाणपत्रे गोळा करून आणि वह्या रंगवून पुरे करण्याचा मार्ग आपल्याकडे फार लवकर सापडतो, आणि त्या वह्या तपासण्याचे ओझे शेवटी प्राध्यापक व कार्यालयातील कारकून यांच्याच माथी येते. त्याऐवजी महाविद्यालयाच्या आवारातील खरे काम, म्हणजे ग्रंथालयाची मांडणी, प्रयोगशाळेची निगा, परिसराची सफाई, वसतिगृहाचे स्वयंपाकघर, हे सर्व विद्यार्थ्यांत वाटून दिले तर? नोकरीवर असलेल्या कर्मचाऱ्यांची भाकरी हिरावून घेण्यासाठी हे नको. त्यांच्या हाताखाली, त्यांच्याकडून शिकण्यासाठी हवे. गरजू विद्यार्थ्याला मोबदला मिळावा, इतरांना श्रेयांक मिळावेत. काम मात्र सर्वांना सारखे असावे. संस्थाचालकाच्या मुलाच्या हाती झाडू आला की त्या झाडूकडे पाहण्याची सगळ्यांचीच दृष्टी बदलेल.

अमेरिकेत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वर्ण विचारात घेण्यावर बंदी आणली. या निकालानंतर वंचितांना विद्येच्या दारापर्यंत कसे आणावे, हा प्रश्न तेथे नव्याने उभा राहिला आहे. बेरियाचे उत्तर जुने आहे, मर्यादित आहे, आणि एका लहान महाविद्यालयापुरते आहे. ते सर्वांना लागू पडेल असा दावा कोणी करू नये. पण पदवीदानाच्या दिवशी कोणत्याही संस्थेला विचारावेत असे तीन प्रश्न त्या उत्तरात आहेत: आत कोण येऊ शकले, ते कोणत्या किमतीला आले, आणि आत असताना त्यांना मान खाली घालावी लागली का? महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे दीक्षान्त समारंभ यंदाही थाटात होतील. पाहुण्यांच्या भाषणात भाऊरावांचे नाव येईल, टाळ्याही पडतील. प्राचार्यांनी आपल्या वार्षिक अहवालात या तीन प्रश्नांची उत्तरे दिली, तर त्या टाळ्यांना काही अर्थ राहील.