नळाला लागलेलं मीठ
लडाखात थंडीने नळ फुटतात, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. न्हावा शेव्यात ती वेळ येत नाही. पण १९८९ साली बंदर सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथली खारी हवा लोखंड खाते आहे. जीआय पाइपावरचा जस्ताचा थर आधी जातो, मग आट्यांपाशी तांबूस ओल दिसू लागते. थंडीत गिझर जास्त चालतो, पण त्याच्या टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा कुणी बघत नाही. टाकीऐवजी तो झिजतो. तो संपला की गंज टाकीलाच धरतो. दिवाळी झाली की प्लंबरला बोलवा आणि दांड्याबरोबर जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हही तपासून घ्या. तो अडकला तर टाकी फुटू शकते, आणि त्या वेळी न्हाणीघरात आपलं लेकरू असू शकतं.